कार्विंगसाठी गुलमर्ग, औली की सोलंग? दोन हंगाम बोर्ड झिजवल्यावर, जळगाव-भुसावळकडच्या मंडळींसाठी

आपल्या खानदेशात बर्फ म्हटला की एक तर रसवंतीतला, नाही तर गोळ्याचा. त्यामुळे इथून स्नोबोर्ड घेऊन निघणारा माणूस ठिकाण ठरवतो ते व्हिडिओ बघून. व्हिडिओत असतं गुलमर्गच्या अफरवत डोंगराच्या माथ्यावरून कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात उडत येणं. ते दिसायला झकास, पण कार्विंगला, म्हणजे बोर्ड कडेवर तिरका करून वळायला, तो बर्फ कामाचा नाही. कड रोवायला खाली काहीतरी घट्ट लागतं, आणि भुसभुशीत बर्फात बोर्ड कडेवर नाही, तळावर तरंगतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिली पसंती काश्मिरातलं गुलमर्ग, पण त्याचा खालचा अर्धा भाग. दुसरी उत्तराखंडातली औली, बर्फ पडलाय आणि दाबलाय याची खात्री झाली तरच. मनालीजवळचं सोलंग पहिल्या दोन दिवसांच्या धडपडीपुरतं. शिमल्याकडचे कुफरी-नारकंडा कार्विंगच्या यादीत धरूच नका. उतार आखूड, बर्फाचा भरवसा कमी.

कार्विंग म्हणजे नेमकं काय, यावर बराच घोळ असतो. शेतातलं उदाहरण घ्या. वखराची पास जमिनीला सपाट घासत जाते, माती बाजूला सरकते. नांगराचा फाळ एकच तास पाडतो. बहुतेक जण बोर्डावर वखरणी करतात: मागचा पाय ढकलून बोर्ड आडवा घालायचा, बर्फ खरवडायचा, वेग मारायचा. कार्विंगमध्ये बोर्ड कडेवर तिरका होतो आणि त्याच्या कडेला जो बाक दिलेला असतो, म्हणजे साइडकट, त्या बाकावरून तो स्वतःच वळतो. बोर्डाची शेपूट (मागचं टोक) नाकाच्याच (पुढच्या टोकाच्या) चरातून जाते. तपासायची रीत सोपी: थांबा, मागे वळून चर बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ असेल तर कार्व्ह. हातभर रुंद खरवडा दिसला तर वखर.

आता डोंगर निवडताना खरं काम सुरू होतं, कारण ही रेघ कुठल्याही उतारावर उमटत नाही.

पहिली गोष्ट रुंदी. साधारण ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या उतारांवर चालणाऱ्या, बोर्डाचा साइडकट ७ ते ९ मीटर त्रिज्येचा असतो. बोर्ड जितका तिरका कराल तितकं वळण आवळतं. ८ मीटरचा बोर्ड ४५ अंशांवर कलवला तर वळणाची त्रिज्या ढोबळमानाने साडेपाच-पावणेसहा मीटर होते, ६० अंशांवर ४ मीटर. डावं-उजवं मिळून पूर्ण अर्धगोल मारायचे तर ४५ अंशांवर ११-१२ मीटर जागा नुसत्या वळणांनाच लागते. दोन्ही बाजूंना चुकायला जागा हवी, वरून येणाऱ्याला जायला वाट हवी. म्हणजे २० मीटर मोकळा पट्टा ही किमान गरज, ३० असला तर निवांत. झाडांमधल्या वाटा इथेच बाद होतात. अरुंद वाटेवर माणूस वळण पुरं करत नाही, वेग वाढत जातो आणि शेवटी घाबरून पुन्हा वखर ओढतो. कार्व्हमध्ये घसरून वेग मारता येत नाही. वळण डोंगराच्या दिशेला वर नेऊनच तो उतरवावा लागतो. त्याला जागा लागतेच.

दुसरी गोष्ट उताराची तीव्रता. शिकायला १० ते १२ अंश, हात बसल्यावर १५ ते १८. २० च्या वर गेलात की प्रत्येक वळणाच्या शेवटी इतका जोर येतो की कड सुटते. मोबाइलमधल्या लेव्हलच्या ॲपने मोजता येतं: बोर्ड उताराच्या दिशेने ठेवा, त्यावर फोन ठेवा. बिनफोनचा हिशेब हवा असेल तर १० मीटर आडव्या अंतरात २.७ मीटर खाली उतरलं की झाले १५ अंश.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दाबलेला बर्फ. तिकडे बर्फ दाबणाऱ्या यंत्राला स्नो बीटर म्हणतात: रुंद पट्ट्यांचा ट्रॅक्टर, मागे बर्फ दाबून त्यावर बारीक सऱ्या पाडणारा. कंगव्याने विंचरल्यासारखा दिसणारा तो पट्टा म्हणजे कार्विंगचं शेत. पण यंत्र आहे म्हणजे ते रोज फिरतं, असं समजू नका. हॉटेलवाल्याला ‘बर्फ आहे का’ विचारून उपयोग नाही, तो हो म्हणणारच. प्रशिक्षकाला फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा: बीटर शेवटचा कधी फिरला, कुठल्या उतारावर फिरला, त्या उताराची लिफ्ट चालू आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पहिल्या दोघांना अर्थ उरत नाही. बोर्ड खांद्यावर टाकून चढत दिवसाला पाच-सहा फेऱ्या झाल्या तरी खूप, आणि तेवढ्यात हात बसत नाही.

गुलमर्ग या कसोट्यांवर का टिकतं ते बघा. गाव २,६५० मीटरच्या आसपास. गोंडोल्याचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, साधारण ३,०५० ते ३,१०० मीटरवर. दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर, ३,९०० च्या वर. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. नाव झालं ते दुसऱ्यामुळे, पण कार्विंग करणाऱ्याने तिथलं तिकीट वाचवलं तरी चालेल. वर दाबलेला पट्टा नाही, हिमस्खलनाचा धोका खरा आहे, आणि बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचा ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं व ते वापरता येणारा जोडीदार नसेल तर मुख्य बाउलच्या (वरच्या खोलगट उताराच्या) बाहेर पाऊल टाकू नये. शिवाय वारा सुटला की हा टप्पा बंद होतो आणि रांगेत अर्धा दिवस जातो.

आपलं काम गावाजवळच्या मोकळ्या उतारांवर आणि कोंगडोरीच्या पट्ट्यात. गावाजवळचे उतार मंद आणि रुंद. दोन दिवस तिथे नुसत्या एका बाजूच्या कडेवर लांब चाप मारा. मग कोंगडोरी. तिथून झाडीतून गावापर्यंत उतरणारी वाट सगळे वापरतात, म्हणून दुपारपर्यंत तिचे खड्डे-उंचवटे होतात. तिथे कार्विंगचा हट्ट धरू नये, आरामात उतरून यावं.

वेळ सकाळची. रात्री गोठलेला दाबीव बर्फ पहिले दोन तास कडेला असा धरतो की पायाखाली कळतं. ऊन चढलं की वरचा थर साखरेच्या पाकासारखा मऊ होतो, कड आत रुतते आणि नाक खुपसून माणूस पुढे जातो. उत्तरेकडे तोंड असलेला उतार हा खेळ तास-दीड तास लांबवतो.

महिना? काश्मिरात २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे थंडीचा कडाका. नव्या बर्फाचा मुख्य काळ तोच, पण तेव्हा रोज नवा थर पडला की दाबलेला पट्टा पुन्हा मऊ. फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते मार्चचा पहिला आठवडा हा कार्विंगला जास्त सोयीचा. तरीही निसर्गावर उधारी नको. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं, आणि २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. म्हणून रेल्वेचं आरक्षण करा, पण हॉटेलला पूर्ण पैसे आधी देऊ नका.

औलीचा मोठा पट्टा कार्विंगच्या दृष्टीने कागदावर गुलमर्गपेक्षाही सरस. एकसंध उतार, शर्यतीसाठी आखलेला, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तयार केलेला, कृत्रिम बर्फाची यंत्रंही बसवलेली. अडचण दोन. उंची २,५०० ते ३,००० मीटर, त्यामुळे एखादा उबदार आठवडा आला की बर्फ पातळ होतो आणि गवत वर येतं. दगड लागून कडेला पडलेली खाच कानशीनेही सहज निघत नाही. दुसरी अडचण पोहोचण्याची. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचू लागलं तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. रस्त्याने जायचीच तयारी ठेवा.

सोलंगबद्दल दोनच वाक्यं. उतार आखूड, आणि टायर-ट्यूब, घोडे, बर्फात फोटो काढणारी कुटुंबं या सगळ्यांच्या मधून सरळ रेघ काढणं म्हणजे बाजाराच्या दिवशी गल्लीत सायकल शिकणं. पडायचं कसं, उठायचं कसं, एवढं मात्र तिथे स्वस्तात शिकून होतं.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: ओढणारी लिफ्ट स्नोबोर्डवाल्याला छळते. टी-बार किंवा थाळीची लिफ्ट स्कीवाल्यासाठी बनलेली. पुढचा पाय बांधलेला, मागचा मोकळा पाय मागच्या बाइंडिंगला (बूट बोर्डाला बांधायच्या पकडीला) टेकवून बोर्डावर, दांडा पुढच्या मांडीच्या मागे. त्यावर बसायचं नाही. बसलात की दांडा खाली जातो आणि तुम्हीही. वजन पुढच्या पायावर, नाक लिफ्टच्या दोरीच्या रेषेत, नजर वर. पहिल्या दिवशी चार-पाचदा पडणं ठरलेलंच, लाजू नका. पडलात तर दांडा सोडून लगेच वाटेतून बाजूला व्हा, मागचा येतोय.

भाड्याचा बोर्ड घेताना जितकी घासाघीस भावावर कराल तितकी कडेवर करा. अंगठ्याचं नख कडेवर आडवं ओढा: नखाचा बारीक कीस निघाला तर धार आहे, नख नुसतं घसरलं तर ती कड घट्ट बर्फावर सुटणार. बाइंडिंगचे चारही स्क्रू हलवून बघा, पट्टीचे दाते झिजलेत का बघा. मग बूट बांधून बोर्ड उलटा धरा आणि बघा की बूट कडेच्या बाहेर किती येतो. पुढे-मागे दोन-दोन सेंटिमीटर चालतो. त्याहून जास्त असला तर बोर्ड तिरका करताच बोटं किंवा टाच बर्फाला लागते, कड उचलली जाते आणि माणूस कारण न कळता आडवा होतो. मोठ्या पायाच्या लोकांनी कंबर रुंद असलेला, म्हणजे वाइड, बोर्डच मागावा.

बाइंडिंगचे कोन दुकानदार बदकासारखे लावून देतो, पुढे १५, मागे उणे १५. शिकायला ठीक. कार्व्हची रेघ येऊ लागली की पुढचा २७ ते ३०, मागचा १२ ते १५, दोन्ही पुढच्या दिशेला, एवढं करून बघा. टाचेच्या बाजूचं वळण लगेच सुधारतं, बूटही बाहेर कमी येतो.

टाचेच्या बाजूला बोर्ड ठकठक थरथरतो ही सगळ्यांची तक्रार. दोष बहुतेक वेळा बोर्डाचा नसतो. माणूस कमरेत वाकून, ढुंगण बाहेर काढून खुर्चीत बसल्यासारखा बसतो. वजन कडेवर न येता कडेच्या आत पडतं, कड सुटते-धरते, सुटते-धरते. गुडघे वाका, छाती उभी ठेवा, पुढचा खांदा वळणाच्या दिशेला उघडा आणि हायबॅक (बाइंडिंगची टाचेमागची उभी पाठ) एक-दोन दाते पुढे झुकवा. बोटांच्या बाजूचा दोष उलटा: बोर्ड तिरका व्हायच्या आधीच अंग आत टाकायचं. आधी घोटा आणि गुडघा, मग कंबर, अंग शेवटी.

जायचं कसं? जळगाव-भुसावळवरून झेलम एक्स्प्रेस थेट जम्मूला नेते. तिथून कटरा गाठा. कटरा ते श्रीनगर वंदे भारत जून २०२५ मध्ये सुरू झाल्यावर बनिहालचा रस्ता बंद पडण्याची धास्ती गेली. श्रीनगरहून तंगमर्गमार्गे गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. तंगमर्गच्या पुढे बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेली गाडीच सोडतात, भाडं आधी ठरवा. १६० सेंटिमीटरची बोर्डाची बॅग खालच्या बर्थखाली लांबीत बसते, म्हणून आरक्षण करताना एक तरी खालचा बर्थ घ्या. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास, कोंगडोरी ३,००० च्या वर. पहिल्या दिवशी डोकं दुखलं तर गोळी घेऊन रेटू नका, त्या दिवशी गावातच राहा. सोबत बिबडे असू द्या. तिकडच्या थंडीत आठवडाभर भाताचा कंटाळा येतो.

शेवटचं घरी आल्यावरचं, कारण बोर्डाचं निम्मं नुकसान गुलमर्गला नाही, आपल्याकडे होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आपण सामान टाकतो ते पत्र्याखालच्या माळ्यावर. तिथे बुटाचा गोंद सुटतो, तळातलं मेण पाझरून तळ पांढुरका आणि कोरडा पडतो. बोर्ड घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, आडवा, भिंतीला न टेकवता ठेवा. ठेवण्याआधी कड पुसून कोरडी करा, ८८ किंवा ८९ अंशांच्या गाइडमध्ये (कानस ठरलेल्या कोनात धरणाऱ्या साच्यात) कानस बसवून नाकाकडून शेपटीकडे एकाच दिशेने तीन-चार हात मारा, प्रत्येक हातानंतर कीस पुसा. मग १२० अंशांच्या आसपास तापवलेल्या, वाफ नसलेल्या जुन्या इस्त्रीने तळावर मेणाचा जाड थर द्या. मेणाचा धूर निघाला तर इस्त्री जास्त तापलीय. थर कडेवरूनही खाली उतरू द्या आणि खरवडू नका. बाइंडिंगचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा, नाही तर वर्षभरात तळावर चार खळगे उमटतात. जुलैत हवा दमट झाली की एकदा बॅग उघडून बघा: मेण सुटलेल्या जागी कडेवर तांबूस ठिपके दिसले तर बारीक डायमंड स्टोन फिरवून तिथे पुन्हा मेण चोळा.