घड्याळ अस्सल, चेन नकली

चाळीसगावच्या एका गृहस्थांनी जुनी दोनरंगी रोलेक्स घेतली. 36 मिमीची डेटजस्ट, मॉडेल 16233, स्टील आणि 18 कॅरेट सोन्याची ज्युबिली (बारीक कड्यांची) चेन. मागचं झाकण उघडून पाहिलं, आत रोलेक्सचंच 3135 नंबरचं मशीन. जळगावला सराफाकडे टंच मशीनवर (सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या) चेन ठेवली, सोनं 75 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 18 कॅरेटच निघालं. दोन उन्हाळ्यांच्या घामात मधल्या कड्यांचा पिवळा रंग उडाला आणि खालून पांढरट धातू दिसू लागला. घड्याळ खरंच अस्सल होतं. चेन तेवढी बदललेली.

टंच मशीन खोटं बोललं नाही. ते वरचे काही मायक्रॉनच वाचतं, मुलामा जाड असला की खालच्या धातूपर्यंत पोचतच नाही. पण मुलामा चढवताना कड्यांच्या फटीत वीज नीट जात नाही, तिथे थर पातळ बसतो. म्हणून चेन उलटी वाकवा, फटी उघडतील, आणि रीडिंग कडीच्या कुशीचं घ्या. सराफ तयार असेल तर तीच न दिसणारी बाजू कसोटीवर एकाच जागी दोन-तीनदा घासून घ्या. पहिला कस मुलाम्याचा असू शकतो, पुढच्या कसाला आम्ल लावा.

या मॉडेलच्या चेनच्या लॉकमध्ये आतून 62523 हा नंबर असतो. नकलीवरही असतो, त्यामुळे नंबर जुळला एवढ्यावर हुरळू नका. दहापटीच्या भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. ठशाची खोली सगळीकडे सारखी हवी. उथळ, जळक्या तळाची अक्षरं दिसली तर थांबा. लॉकजवळच्या सुट्या होणाऱ्या कड्यांना स्क्रू असतात. नकलीत कधी नुसती पिन ठोकून वर खोटी खाच कोरलेली असते. टोकाची वळलेली कडी बॉडीला चिकटून बसायला हवी, दोन्हीकडे फट वेगळी दिसली तर चेन मूळची नाही असं धरून चाला.

चुंबकाचा प्रयोग सोडा. नकली चेनचं 316एल स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. वजनाचंही तसंच. जुन्या ज्युबिलीच्या मधल्या कड्या पोकळ असायच्या, वापरून वापरून चेन लोंबते. उलट, जुन्या घड्याळाला कडक, जड, नवी कोरी चेन असेल तर खरा संशय तिथे घ्यावा.

‘घड्याळाला हॉलमार्क लागत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य मात्र खरं आहे. 2021 पासूनच्या सक्तीतून घड्याळं वगळलेली आहेत. त्यामुळे पावतीत चेन वेगळी लिहून घ्या: नंबर, कड्या किती, सोनं किती कॅरेट. चाळीसगावच्या पावतीवर ‘रोलेक्स घड्याळ, 1 नग’ एवढंच होतं, आणि विक्रेता आजही तेच वाचून दाखवतो.