पुणे ते दारव्हा : प्रीमियर पद्मिनीची खरी परीक्षा

प्रीमियर पद्मिनी घेऊ इच्छिणाऱ्याने तिची परीक्षा पुण्या-मुंबईच्या रहदारीत करू नये, असे माझे मत झाले आहे. शहरात फार तर क्लच आणि गिअर कळतात. गाडी तापते किती, थांबते कशी आणि बिघडली तर कोणाच्या हातांनी दुरुस्त होते, हे लांबच्या रस्त्यावरच समजते. पुण्यात घेतलेली १९८६ सालची पद्मिनी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यापर्यंत, सुमारे साडेपाचशे किलोमीटर, स्वतः चालवत आणल्यावर आणि त्यानंतर येथील गॅरेजांमध्ये तिची कामे करून घेतल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. ही गाडी महानगरापेक्षा विदर्भातील तालुक्याच्या गावी अधिक सुखाने नांदू शकते. मात्र रंगकामाआधी तिच्या पेट्रोलच्या नळ्यांवर आणि ब्रेकवर पैसे खर्च करण्याची मालकाची तयारी हवी.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या मालिकेतील गाड्या बनवल्या. १९६४ साली ‘११०० डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवर चालणारे आणि सुमारे चाळीस अश्वशक्तीचे आहे. गाडीचे वजन नऊशे किलोच्या आत आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला असल्यामुळे पुढे सलग बाक मिळतो आणि त्यावर तिघे बसू शकतात. ॲम्बेसेडर ही साहेबांची आणि पुढाऱ्यांची, तर फियाट ही डॉक्टरांची, वकिलांची आणि जिनिंगवाल्यांची, अशी वाटणी आमच्या भागातील जुन्या माणसांच्या डोक्यात अजून पक्की आहे. त्यामुळे वाटेत ज्यांनी ज्यांनी गाडी ओळखली, त्यांतल्या बहुतेकांना आपल्या गावातला एखादा डॉक्टर आठवला.

खरेदीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अशा गाडीचे इंजिन शेवटी पाहावे आणि पत्रा आधी पाहावा, कारण इंजिन पुन्हा बांधता येते, पण आतून सडलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून चकचकीत रंग मारलेला असेल तर तो खर्च संपतच नाही. दारांच्या खालच्या कडा, डिक्कीचा तळ आणि मागच्या चाकांवरचा भाग येथे साधे लोहचुंबक फिरवले, तर लांबी किती जाड आहे ते तात्काळ कळते. माझ्या गाडीला डिक्कीच्या तळाशी थोडा गंज निघाला, बाकी पत्रा शाबूत होता. टायर मात्र खाचा भरपूर असूनही जुने होते. रबर वयानेही कडक होते आणि तडकते, म्हणून निघण्यापूर्वी चारही टायर बदलले.

आता रस्ता. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला आहे. जालन्याहून त्यावर चढून कारंज्याला उतरणे, हा कोणालाही सुचणारा मार्ग. मी तो जाणीवपूर्वक टाळला. जेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तेथे पासष्टच्या वेगाने जाणारी, मागचे दिवे मिणमिणते असलेली गाडी ही इतरांसाठी आणि स्वतःसाठीही अडचण असते. शिवाय काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने चालण्यात या गाडीचा एकही गुण दिसत नाही आणि बंद पडली तर मिस्त्री शोधायला आधी कुंपणाबाहेर पडावे लागते. म्हणून जालन्यानंतर सिंदखेडराजा, दुसरबीड, बिबी, सुलतानपूर, मेहकर, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा असा जुना रस्ता धरला.

हा निर्णय योग्य ठरला, कारण सिंदखेडराजाला विदर्भात शिरल्यावर पद्मिनी खऱ्या अर्थाने चालू लागली. आमच्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावरचा डांबरी रस्ता त्यामुळे खड्डे नसले तरी लाटांसारखा खालीवर होतो. नव्या, कडक सस्पेन्शनच्या मोटारीत या लाटा कंबरेला जाणवतात. पद्मिनीच्या पुढच्या स्प्रिंगा आणि मागचे कमानपाटे त्या शांतपणे पचवतात. पन्नास ते साठच्या वेगात गाडी डोलते, पण आदळत नाही. इंजिनही याच वेगात सर्वांत समाधानी असते. सत्तरच्या पुढे गेले की आवाज वाढतो आणि ऐंशीच्या आसपास स्टिअरिंगला कंप जाणवू लागतो. पुढच्या दारांच्या छोट्या तिकोनी काचा तिरक्या केल्या की वारा थेट छातीवर येतो. ही सोय मोटारींतून का नाहीशी झाली, हे मला उमगलेले नाही. लिटरला बारा-तेरा किलोमीटरचे सरासरी अंतर पडले. एवढ्या जुन्या कार्बोरेटरच्या मानाने त्यात तक्रारीला जागा नाही.

तक्रारीला जागा आहे ती उष्णतेच्या बाबतीत. दसरा होऊन गेला होता आणि रस्त्याच्या एका बाजूस सोयाबीन वाळत घातलेले असल्याने मागून येणाऱ्या ट्रॅक्टरांना वाट देत, कमी वेगात, दुपारच्या उन्हात जावे लागत होते. बिबी ओलांडल्यावर एका चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. सेल्फ फिरत होता, ठिणगी येत होती, टाकीत पेट्रोल होते, तरी इंजिन सुरू होत नव्हते. हा व्हेपर लॉक होय. या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. वेग कमी, ऊन जास्त आणि इंजिन तापलेले असले की पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होते आणि वाफ ओढणारा पंप कार्बोरेटरला थेंबही देऊ शकत नाही. उपाय जुनाच आहे. बोनट उघडे ठेवावे, पंपावर ओले फडके टाकावे आणि रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता वाट पाहावी. थोड्या वेळाने गाडी काहीही न झाल्यासारखी सुरू झाली. ऑक्टोबरात ही गत असेल, तर पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या मे महिन्यात दुपारी ही गाडी बाहेर काढू नये, हे सांगण्याची गरज नाही.

त्यात आजच्या पेट्रोलची भर पडते. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ही गाडी घडवली गेली, तेव्हा असे इंधन कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या मऊ होतात व फुगतात, पंपाचा पडदा लवकर खराब होतो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतील ओलावा शोषून टाकीच्या तळाशी गंजाला आमंत्रण देते. कार्बोरेटरचे मिश्रणही थोडे पातळ पडते, म्हणजे हवा अधिक आणि इंधन कमी; इंजिन अधिक तापण्याचे हेही एक कारण असते. दारव्ह्याला पोहोचल्यावर पहिले काम म्हणून सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घेतल्या, सायलेन्सरच्या जवळून जाणारी नळी दूर सरकवून घेतली आणि टाकीजवळ विजेवर चालणारा छोटा पंप लावला. असा पंप मागून पेट्रोल ढकलतो, ओढत नाही, त्यामुळे नळीत वाफ होण्याची शक्यता बरीच घटते. मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना हा बदल रुचणार नाही. ज्यांची गाडी प्रदर्शनापुरतीच बाहेर निघते, त्यांनी तो खुशाल करू नये.

ब्रेकबाबत मी अधिक कठोर आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, पायात बळ हवे. मोकळ्या रस्त्यावर ते पुरेसे वाटतात, पण उतारावर सतत वापरले की ड्रम तापतात आणि पकड सैल होते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा ट्रकवाल्यांचा नियम येथे अक्षरशः पाळावा लागतो. अंधार पडल्यावर तर आमच्या रस्त्यांवर बिनदिव्याच्या बैलगाड्या आणि मागे लाल कापडही नसलेल्या ट्रॉल्या असतात. पद्मिनीचे पिवळसर दिवे जेथवर पोहोचतात, तेवढ्या अंतरात साठच्या वेगाची गाडी थांबतेच असे नाही. मी दिवस मावळताच मेहकरला मुक्काम केला आणि उरलेला रस्ता सकाळी कापला. दिव्यांचा दोष पुष्कळदा बल्बचा नसून जुन्या वायरिंगचा असतो. सगळा प्रवाह झिजलेल्या बटणातून जातो आणि वाटेतच अडखळतो. रिले (बटणाच्या इशाऱ्यावर चालणारा वेगळा स्विच) बसवून बॅटरीपासून थेट जाड वायर दिली की तेच दिवे लख्ख लागतात.

ज्या गोष्टीमुळे मी या गाडीची शिफारस करतो, ती गाडीत नाही, दारव्ह्यासारख्या गावांत आहे. पुण्यात कमानपाट्यांचे काम विचारले, तर नवा संच मागवा असे उत्तर मिळाले. येथे बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर पाटेवाला आहे. त्याने गाडीखाली डोकावून एवढेच विचारले, “भाऊ, ट्रॉलीचे पाटे रोज बसोतो, याचे कायले नाही बसणार?” बसलेले पाटे उतरवून त्याने ते भट्टीत तापवून पुन्हा कमानीत आणले, एक तुटके पान बदलले आणि त्याच दिवशी गाडी परत दिली. रेडिएटरचीही हीच गोष्ट. नव्या मोटारींचे रेडिएटर ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे असतात. ते गळले की बहुधा बदलतात. पद्मिनीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर खोलून, आतली जाळी साफ करून त्याला डाग (सोल्डर) देता येतो, आणि जुन्या ट्रॅक्टरांमुळे हे काम येणारे हात तालुक्याच्या गावी अजून टिकून आहेत. लेथवाला बुश कातून देतो, सेल्फ-डायनमोवाला आर्मेचर तपासतो, ब्रेकचे लायनर रिव्हेट मारून नवे बसवणाराही सापडतो. ट्रॅक्टर, ट्रॉली, ऑइल इंजिन आणि प्रवासी जीप यांनी जगवलेली ही सारी कारागिरी पद्मिनीला आयती मिळते.

या साखळीत एकच कडी कमजोर आहे आणि ती महत्त्वाची आहे. ट्रॅक्टर डिझेलवर चालतात, त्यामुळे कार्बोरेटर आणि प्लॅटिनम, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे कॉन्टॅक्ट पॉइंट, समजणारा माणूस सहजी मिळत नाही. डेल्को (ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) उघडून प्लॅटिनमची फट पत्तीने मोजणारे जे आहेत, ते स्कूटरच्या काळातले, आता वय झालेले मिस्त्री. गाडी घेणाऱ्याने हे एवढे काम तरी स्वतः शिकून घ्यावे. फीलर गेज (फट मोजायची तीच पत्ती), पॉलिश पेपर आणि थोडा धीर यांच्यावर ते भागते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. हे नूतनीकरण झालेले नसेल तर सौदाच करू नये. हस्तांतरणासाठी २९ व ३० क्रमांकाचे नमुने आणि गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत न्यायची असल्यास २८ क्रमांकाचे ना-हरकत लागते. त्याखेरीज पर्यावरण कर आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट हेही आलेच. ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम २०२१ साली आले, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी असावी लागते आणि अशी नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला पद्मिनीने बाजाराला, शेतावर आणि पाहुण्यांकडे जायचे आहे, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

सुट्या भागांबद्दलची स्थिती संमिश्र आहे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. टॅक्सीवाल्यांच्या मागणीमुळे वर्षानुवर्षे जे भाग सहज मिळत होते, ते आता शोधावे लागतात. पिस्टन रिंगा, क्लच प्लेट, व्हील सिलिंडर, गास्केट हे कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून कुरिअरने येते. अडते ते क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंपाशी, म्हणजे दाराच्या आतली काच फिरवण्याची मूठ, मागच्या दिव्याची काच, आणि विशेषतः पुढच्या काचेभोवतीचे रबर. ते माझ्या गाडीचे तडकलेले आहे. मागवलेले रबर दोनदा दुसऱ्याच मापाचे आले, त्यामुळे सध्या सिलिकॉन भरून वेळ भागवली आहे. परवाच्या अवकाळी पावसात पाणी तरीही झिरपून बरोबर ॲक्सिलरेटरवरच्या पायावर ठिबकत होते. योग्य मापाचे रबर कोणाकडे असल्यास मी ते सांगतील त्या भावाने घेईन.