जर्मनीत ऑनलाइन टायर घेत असाल, तर माझे ५४२ युरो कसे गेले ते आधी वाचा

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस एका बनावट ऑनलाइन टायर-दुकानाने माझ्याकडून ५४२ युरो ८१ सेंट उकळले. टायर आले नाहीत आणि पैसे परत मिळण्याची आशाही आता उरलेली नाही. अशी दुकाने कशी चालतात हे इथे राहणाऱ्या मराठी वाचकांना नव्याने समजावण्याची गरज नाही. मलाही ते चांगले ठाऊक होते. तरीही हे लिहितो आहे, कारण आपल्या रक्षणासाठी म्हणून त्याच महिन्यात बँकांनी सुरू केलेल्या एका व्यवस्थेचाच या चोरांनी हत्यारासारखा वापर केला, आणि ज्यांनी मला मदत करायची त्या प्रत्येकाने मला पुढच्या दाराकडे पाठवले.

माझ्याकडे सातव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय परफॉर्मन्स आहे. इंजिन २४५ अश्वशक्तीचे, सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर, आणि टायरचा आकार २२५/४० आर १८. उन्हाळी आणि हिवाळी असे दोन्ही संच एकाच वर्षी झिजत आले होते. दोन नवे संच घ्यायचे, एक सतत गोदामात ठेवायचा, त्याचे भाडे भरायचे आणि वर्षातून दोनदा चाके बदलण्यासाठी रांगेत थांबायचे, यापेक्षा एकच चांगला ऑल सीझन संच घ्यावा असे मी ठरवले. साध्या गाडीसाठी ऑल सीझन टायरचे हवे तितके पर्याय मिळतात, पण अशा गाडीसाठी यादी झपाट्याने आखडत जाते. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो याचा अंक, ९२ आणि वेगाची खूण वाय, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची क्षमता, बाजूची भिंत बळकट केलेली, आणि त्यावर तीन शिखरांमधल्या हिमकणाचे, म्हणजे टायर हिवाळ्यासाठी योग्य असल्याचे, चिन्ह, या सगळ्या गोष्टी एकाच टायरवर हव्या होत्या. ते चिन्ह ऐच्छिक नाही. १ ऑक्टोबर २०२४पासून जर्मनीत केवळ ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) छापलेला टायर हिवाळी टायर म्हणून चालत नाही. बर्फाळ रस्त्यावर तो लावून सापडलात तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण बसतो. आम्ही हिवाळ्यात आल्प्सच्या दिशेने नेहमी जातो, त्यामुळे त्या बाबतीत मला तडजोड करायची नव्हती.

ओळखीच्या, नाव असलेल्या दुकानांत मला हवा तो टायर १६५ ते १८० युरोंना होता, आणि दोन ठिकाणी साठा संपला होता, कारण ऑक्टोबरच्या शेवटी सारा देश एकदमच टायर शोधायला निघतो. या दुकानात तोच टायर १३९ युरो ९० सेंटला होता. निम्म्या किमतीत देतो म्हणणाऱ्या दुकानाकडे मी ढुंकूनही पाहिले नसते. पण अठरा-वीस टक्क्यांचा फरक टायरच्या बाजारात रोज दिसतो, आणि या चोरांना तो नेमका कुठवर ताणायचा हे माहीत होते.

मी काहीही न तपासता पैसे भरले असे कोणी समजू नये. संकेतस्थळाच्या इम्प्रेसुममध्ये, म्हणजे चालकाची माहिती देणाऱ्या पानावर, कंपनीचे नाव, पत्ता, व्यवस्थापकाचे नाव आणि व्यापारी नोंदणी क्रमांक होता. तो क्रमांक मी सरकारी नोंदवहीत शोधला, तर कंपनी खरी निघाली, जुनी निघाली, आणि वाहनांच्या सुट्या भागांचाच व्यवहार करणारी निघाली. नकाशावर पत्ता पाहिला, तिथे खरोखर गोदाम होते. याहून अधिक एखाद्या सामान्य ग्राहकाने काय करायचे? त्या खऱ्या कंपनीचे नाव आणि क्रमांक चोरून आपल्या पानावर चिकटवले होते, हे नोंदवहीत कुठेच दिसत नाही. नंतर मी त्या कंपनीला दूरध्वनी केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच विचारले, “तुम्हीही टायर मागवले होते का?” त्यांना असे दूरध्वनी अनेक दिवसांपासून येत होते, आणि त्यांनी स्वतःही तक्रार नोंदवून ठेवली होती.

म्हणून पहिली गोष्ट इथेच सांगतो: इम्प्रेसुममधल्या क्रमांकावर दूरध्वनी करू नका. कंपनीचा क्रमांक दुसरीकडून, स्वतंत्रपणे शोधा आणि तिथे विचारा की हे ऑनलाइन दुकान तुमचेच आहे ना.

आता त्या क्षणाबद्दल, जो आठवला की आजही माझा संताप होतो. रविवारची संध्याकाळ होती. दुकानाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी पेपाल आणि क्रेडिट कार्डांची चिन्हे होती, पण शेवटच्या पायरीवर ती फिकी पडलेली होती आणि खाली लिहिले होते की तांत्रिक कारणामुळे सध्या केवळ आगाऊ बँक हस्तांतरण शक्य आहे, आणि त्या गैरसोयीबद्दल तीन टक्के सवलत मिळेल. ५५९ युरो ६० सेंटमधून १६ युरो ७९ सेंट वजा झाले. जर्मनीत आगाऊ हस्तांतरणाने खरेदी करणे ही वर्षानुवर्षांची, प्रतिष्ठित दुकानांतही चालणारी पद्धत आहे, त्यामुळे तेवढ्यावरून संशय यावा असे काही नव्हते. मग दुकानाचा ईमेल आला. त्यात खाते क्रमांक होता, लिथुआनियाचा, म्हणजे ‘डीई’ऐवजी ‘एलटी’ने सुरू होणारा, आणि त्याखाली शुद्ध, सभ्य जर्मन भाषेत मजकूर होता: आमचे व्यवहार एका पेमेंट भागीदारामार्फत होतात, त्यामुळे नव्या नियमांनुसार आपली बँक नाव जुळत नसल्याची सूचना दाखवू शकते, ती केवळ तांत्रिक आहे, कृपया पुढे जावे, तात्काळ हस्तांतरण निवडल्यास माल उद्याच रवाना होईल.

बँकेच्या ॲपमध्ये मी खाते क्रमांक आणि नाव घातले आणि लाल पट्टी आली. नाव या खात्याशी जुळत नाही, रक्कम तुम्हाला अपेक्षित नसलेल्या व्यक्तीकडे जाऊ शकते. खाली दोन बटणे होती: मागे जा, तरीही पाठवा.

ही नावाची पडताळणी युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ९ ऑक्टोबर २०२५पासून बंधनकारक झाली. त्याआधी इथे तुम्ही नावाच्या जागी काहीही लिहिले तरी पैसे फक्त क्रमांकावरून जात असत. भारतात यूपीआयवर भाजीवाल्याला वीस रुपये देतानाही समोर त्याचे नाव उमटते, आणि जर्मनीला त्यासाठी २०२५ उजाडावे लागले. बरे, सुरू झाले तेही कसे? त्या पहिल्या दोन आठवड्यांत मला घराच्या देखभाल कंपनीचे पैसे भरताना तीच सूचना आली, मुलीच्या बालवाडीचे भरतानाही आली, कारण बिलावर संस्थेचे नाव संक्षिप्त होते आणि बँकेत पूर्ण. दोन्ही पैसे योग्य ठिकाणी पोहोचले. म्हणजे जी लाल पट्टी चोरासाठी होती, ती मी प्रामाणिक लोकांसाठी दोनदा पाहून ओलांडली होती, आणि तिसऱ्या वेळी विक्रेत्याने ती येणार हे आधीच कळवले होते. मी ‘तरीही पाठवा’ दाबले. माझ्या जागी दुसऱ्या कोणीही तेच केले असते, असे मला आजही वाटते. पण आता मी हे ठामपणे सांगतो की बँक काय इशारा देईल हे विक्रेता आधीच सांगत असेल, तर तिथेच थांबावे. खऱ्या दुकानाला आपल्या ग्राहकाची बँकेच्या इशाऱ्याविरुद्ध तयारी करून घ्यावी लागत नाही.

आणि त्याच ९ ऑक्टोबरपासून बँकांना तात्काळ हस्तांतरण पाठवण्याची सोय द्यावी लागू लागली. इशारा आणि वेग एकाच दिवशी आले. साधे हस्तांतरण केले असते तर रविवारी ते बँकेतच पडून राहिले असते आणि सोमवारी सकाळी ते थांबवण्याचा प्रयत्न तरी करता आला असता. तात्काळ हस्तांतरणात दहा सेकंदांत पैसे समोरच्या खात्यात पोहोचतात. अनोळखी विक्रेत्याला ते कधीही करू नका, मग तो माल उद्या देवो की परवा.

दोन दिवसांनी ईमेल आला की पहिली रक्कम परत फिरली आहे, कृपया दुसऱ्या खात्यावर पुन्हा भरावी. तेव्हा सगळे स्पष्ट झाले. त्यानंतर मी दुकानाचे पान पुन्हा उघडून एकेक गोष्ट तपासली. टायरच्या चित्राशेजारी युरोपीय लेबल होते, इंधन, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज दाखवणारे, आणि त्यावर क्यूआर कोड होता. १ मे २०२१पासून प्रत्येक लेबलवर तो असतो आणि तो युरोपीय महासंघाच्या खुल्या नोंदवहीत त्या नेमक्या टायरच्या पानावर नेतो. मी तो फोनने उघडला, तर समोर आला २०५/५५ आर १६, म्हणजे साध्या कौटुंबिक गाडीचा टायर, तोही वेगळ्याच मॉडेलचा. चोरांनी कुठले तरी लेबल उचलून लावले होते. ज्याला टायर विकत घ्यायचा आहे त्याने हा कोड उघडावाच; आकार, भारांक, वेगाची खूण आणि हिमकणाचे चिन्ह हे सारे तिथे जुळले पाहिजे. बनावट दुकाने ओळखणारा, ग्राहक संरक्षण केंद्रांचा ‘फेकशॉप-फाइंडर’ही मी तेव्हाच पाहिला. संकेतस्थळाचा पत्ता टाकला की तो सिग्नलसारखा लाल, पिवळा किंवा हिरवा रंग दाखवतो. या दुकानाला लाल होता.

बँकेच्या मदत क्रमांकावर मला सांगण्यात आले की कार्ड बंद करता येईल, पण गेलेले हस्तांतरण परत बोलावण्यासाठी शाखेत अर्ज करावा लागेल. शाखेत अर्ज भरला, त्याचे १५ युरो घेतले गेले. काही आठवड्यांनी उत्तर आले की समोरच्या खातेदाराने रक्कम परत करण्यास संमती दिलेली नाही. ज्याने चोरी केली त्याची संमती मागण्यासाठी माझ्याकडून शुल्क घेतले, हे मी त्या अधिकाऱ्याला तोंडावर सांगितले. त्यांचे म्हणणे एकच होते: इशारा दाखवला होता, तुम्ही पुढे गेलात, जबाबदारी तुमची. त्या पट्टीचा उपयोग माझे पैसे वाचवायला झाला नाही, बँकेची जबाबदारी झटकायला मात्र पुरेपूर झाला.

पोलीस ठाण्यात गेलो तर तक्रार ऑनलाइन नोंदवा असे सांगून परत पाठवले. ऑनलाइन नोंदवली, खाते क्रमांक, ईमेल, पानाची चित्रे सगळे जोडले. त्यानंतर टपालाने एक प्रश्नावली आली, ज्यात हेच सारे पुन्हा हाताने लिहून मागितले होते. दुकान अजून चालू आहे, रोज नवे लोक फसत असतील, ते बंद तरी करा असे मी विचारले, तेव्हा संकेतस्थळ बंद करणे आमच्या हातात नाही असे उत्तर मिळाले. मग कोणाच्या हातात आहे, हे कोणीही सांगितले नाही. संकेतस्थळाचा पत्ता ज्यांच्याकडे नोंदवला होता त्यांना मी लिहिले, लिथुआनियातल्या त्या बँकेलाही लिहिले. दोघांकडून एक ओळही आली नाही. दुकान डिसेंबरपर्यंत, म्हणजे टायर खरेदीचा हंगाम संपेपर्यंत, निर्वेध चालू होते. फेब्रुवारीत सरकारी वकिलांच्या कार्यालयाचे छोटेसे पत्र आले: आरोपीचा शोध लागू शकला नाही, तपास बंद करण्यात येत आहे. खऱ्या कंपनीच्या तक्रारीचा, दुसऱ्या खाते क्रमांकाचा, कशाचाही उल्लेख त्यात नव्हता.

भारतात आर्थिक फसवणूक झाल्यावर १९३० हा क्रमांक फिरवता येतो आणि ती तक्रार बँकांपर्यंत पोहोचवून रक्कम गोठवण्याचा प्रयत्न होतो. तिथेही सर्वांचे पैसे परत मिळतात असे मी म्हणत नाही. पण निदान कोणाला आधी फोन करायचा हे माणसाला ठाऊक असते. त्या मंगळवारी मला असा एकही क्रमांक कोणी दिला नाही.

मला सर्वांत जास्त लाज याची वाटली की पैसे भरल्यावर लगेच मी त्या दुकानाचा दुवा आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला होता. एका मित्राने त्याच्या ऑक्टाव्हियासाठी चार टायर निवडलेही होते. अनोळखी दुकानात पेपाल नसेल तर खरेदीच करायची नाही हा त्याचा नियम असल्याने तो वाचला. त्याचा नियम मी आता जसाच्या तसा उचलला आहे. बिलावर उधारी (माल आल्यावर पैसे), पेपाल किंवा क्रेडिट कार्ड यांपैकी काहीच शेवटच्या पायरीवर चालत नसेल, तर ते दुकान सोडून द्या, मग पानाच्या तळाशी कितीही चिन्हे लावलेली असोत.

शेवटी टायर मी जवळच्या कार्यशाळेतून घेतले. चार टायरचे ६८८ युरो, बसवणे आणि संतुलनाचे १००, आणि पैसे चाके गाडीला लागल्यानंतर दिले. बसवण्यापूर्वी प्रत्येक टायर हातात घेऊन पाहिला: हिमकणाचे चिन्ह, ९२ वाय, आणि उत्पादनाचे चार अंक २७२५, म्हणजे २०२५चा सत्ताविसावा आठवडा. बुडालेले पैसे आणि बँकेचे शुल्क धरून मला हा संच १३४५ युरो ८१ सेंटला पडला.

जानेवारीत मला तेच दुकान वेगळ्या नावाने पुन्हा दिसले. तीच चित्रे, २२५/४० आर १८शेजारी तेच २०५/५५ आर १६चे लेबल, फक्त इम्प्रेसुममध्ये दुसऱ्या खऱ्या कंपनीचे नाव. मी ते पोलिसांना आणि त्या कंपनीला कळवले आहे. तुमच्यापैकी कोणी या पद्धतीने पैसे भरले असतील, तर तक्रार नोंदवताना खाते क्रमांकाबरोबर त्या लेबलचे चित्रही जोडा आणि तुमचा तक्रार क्रमांक मला कळवा. तपास पुन्हा उघडावा असा अर्ज मी करणार आहे, आणि त्यात जितके क्रमांक एकत्र देता येतील तितके हवे आहेत.