अकरा वर्षांच्या ई-मेलसकट नव्या आवृत्तीवर : आठ महिन्यांनंतर

आम्ही चौघं घरांचे नकाशे करतो. ग्राहकांशी होणारं बहुतेक बोलणं ई-मेलवर असतं आणि अकरा वर्षं ते एकाच कॉन्टॅक्ट मॅनेजरमध्ये साठत आलं होतं. नाव उघडलं की त्या माणसाचे सगळे मेल, फोनच्या नोंदी, पाठवलेले नकाशे एकाखाली एक दिसायचे. नव्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती चालेना, म्हणून आठ महिन्यांपूर्वी अपग्रेड केलं. साठ हजारांवर मेल सोबत न्यायचे होते. प्रोग्राम म्हणून नवी आवृत्ती मला आवडली आहे, तरी इथे जास्त लिहिणार आहे ते या मेलबद्दलच.

विकणाऱ्यांनी सोपा रस्ता सांगितला : जुन्यातून सगळे मेल एमबॉक्स फाइलमध्ये (खूप मेल एकापाठोपाठ साठवणारी एकच फाइल) काढा, आयमॅपने (मेल सर्व्हरवर ठेवून हाताळायची पद्धत) नव्या मेलबॉक्समध्ये चढवा, प्रोग्राम ते तिथून उचलेल. एका रात्रीत काम झालं, आकडाही जुळला. सकाळी पाहिलं तर अकरा वर्षांचे सगळे मेल त्याच एका तारखेचे! आमच्या कामात कोणता नकाशा आधीचा आणि कोणता नंतरचा यावर सगळं ठरतं, त्यामुळे मी हादरलेच.

कारण शोधायला दोन दिवस गेले. मेलला दोन तारखा असतात. एक हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वर असलेल्या माहितीत, पाठवताना पडलेली. दुसरी आयमॅप सर्व्हर स्वतःजवळ ठेवतो, मेल पेटीत कधी आला याची. चढवताना ही दुसरी तारीख सोबत दिली नाही, तर सर्व्हर चढवण्याची वेळच तिथे घालतो. नवा प्रोग्राम यादी लावत होता ती या दुसऱ्या तारखेवर. हेडर शाबूत होते, म्हणजे खरी तारीख कुठेही गेली नव्हती. हेडरमधली तारीख सोबत देणारं साधन वापरून पुन्हा चढवलं आणि यादी सरळ झाली. पण घाईत पहिली खेप काढायची राहिली, त्यामुळे प्रत्येक मेल दोनदा दिसू लागला. हेडरमधला मेसेज-आयडी सहसा प्रत्येक मेलचा वेगळा असतो. तो धरून डुप्लिकेट काढले. काढताना नेमकी चुकीच्या तारखेची प्रत जातेय ना, हे मात्र आधी शंभरेक मेलवर करून बघा.

मग लक्षात आलं की खरं दुखणं वेगळंच आहे. मेल आले होते, पण माणसांपासून सुटे होऊन. जुन्या डेटाबेसमध्ये ‘हा मेल या व्यक्तीचा’ अशी स्वतंत्र नोंद असायची. एमबॉक्स फाइलमध्ये फक्त मेल जातो, ती नोंद मागेच राहते. नवी आवृत्ती पत्ता जुळवून नातं नव्याने लावते. ज्यांचा पत्ता अकरा वर्षांत बदलला नाही त्यांचं ठीक झालं. ज्यांनी नोकरी बदलली, त्यांचे जुन्या पत्त्यावरचे मेल अनाथ झाले. एकाच पत्त्यावरून दोघं लिहीत असतील, अशी नवरा-बायकोची कितीतरी घरं आमच्याकडे आहेत, तिथे सगळं एकाच्याच नावावर गेलं.

आणखी एक गोष्ट मला महिनाभर कळली नव्हती. आपण पाठवलेला मेल आणि आलेला मेल यांतला फरक प्रोग्राम वापरकर्त्यांची यादी बघून ठरवतो. पूर्वी आमच्याकडे काम करून गेलेल्या तिघांची खाती नव्या आवृत्तीत नव्हती. त्यामुळे त्यांनी ग्राहकांना लिहिलेले मेल बाहेरच्या कुणाकडून आल्यासारखे दिसत होते. म्हणून इम्पोर्टच्या आधीच जुन्या सहकाऱ्यांची खाती बंद अवस्थेत तयार करून ठेवा, आणि प्रत्येक ग्राहकाच्या कार्डावर त्याचे आजवरचे सगळे पत्ते भरा. हे आधी केलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

मराठी मेलचं वेगळं सांगायला हवं. काही जुन्या मेलमध्ये मजकुराचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवली आहेत ते, लिहिलेलंच नव्हतं. यूटीएफ-८ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. ते एक-एक बाइट सुटं वाचलं गेलं की एका अक्षराच्या जागी तीन विचित्र खुणा दिसतात. असा मजकूर घाबरवतो, पण मूळ बाइट जागेवर असतात आणि योग्य एन्कोडिंग दिलं की तो परत वाचता येतो. जिथे प्रश्नचिन्हंच साठवली गेली, तिथला मजकूर गेला तो गेलाच. म्हणून इम्पोर्टनंतर पहिल्या तासात मराठी मेल उघडून बघा.

अटॅचमेंट आमच्या नशिबाने सापडल्या. जुना प्रोग्राम त्या मेलमधून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि मेलमध्ये फक्त वाट, म्हणजे ती फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते, लिहायचा. तो फोल्डर नव्या मशीनवर त्याच वाटेवर ठेवला आणि नकाशे उघडू लागले.

रोजच्या वापरात नवी आवृत्ती फार पुढे आहे. पीडीएफच्या आतलं शोधता येतं, साइटवर उभं राहून फोनवर ग्राहकाचा इतिहास बघता येतो. पहिले काही दिवस ती अतिशय संथ होती आणि मी तिला नावं ठेवत होते. ती तेव्हा शोधासाठी इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कुठे आहे याची सूची, बांधत होती. ते संपल्यावर तक्रार उरली नाही.

जुना कॉम्प्युटर मी नेटवर्कपासून तोडून, पण चालू स्थितीत ठेवला आहे. चौथ्या महिन्यात एका जुन्या ग्राहकांच्या मुलीचा फोन आला. वडील गेले होते आणि जिन्याच्या जागेबद्दल त्यांचं आमच्याशी नेमकं काय ठरलं होतं, ते तिला हवं होतं. नव्या आवृत्तीत त्यांच्या नावाखाली दोनच मेल. जुन्यात सत्तावीस. बाकीचे त्यांच्या निवृत्तीआधीच्या पत्त्यावरचे होते, सुटे पडलेले. पंचविसाव्या मेलमध्ये त्यांनी स्वतः लिहिलं होतं : जिना पुढे घ्या, आईला वर येताना उजेड हवा. तो मेल मी तिला तसाच पाठवला.

त्या संध्याकाळपासून अनाथ मेलची यादी मी स्वतः घेऊन बसते. दर शुक्रवारी शेवटचा तास, पत्ता ओळखायचा, कार्डावर भरायचा, मेल आपोआप जागेवर जातात. सुरुवातीला नऊशेच्या वर पत्ते होते, आता एकशे चाळीस उरले आहेत. ते संपेपर्यंत जुनं मशीन बंद करणार नाही.