बॉस एचएम-२डब्ल्यू : चारही नॉब उजवीकडे

लहानपणी आम्ही पुण्यात भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या अंगाला राहायचो. सकाळी नऊच्या सुमारास वखारीतला बँडसॉ सुरू व्हायचा. ओंडका लागेपर्यंत नुसती घरघर. पातं लाकडात शिरलं की आवाज चढायचा आणि मध्येच गाठ आली की चिरकायचा. अण्णा वखारीत हिशेब लिहायचे. ताप येऊन घरी पडलेले असले तरी खिडकीतून ऐकून सांगायचे, "साग नाहीये हा, बाभूळ आहे. आणि ओली आहे." आम्हाला सगळं एकसारखंच ऐकू यायचं.

बॉस कंपनीचा एचएम-२डब्ल्यू हा पेडल, म्हणजे गिटारचा आवाज करकरीत करणारा आणि पायाने चालू-बंद करायचा डबा, पहिल्यांदा गिटारला लावला, चारही नॉब पूर्ण उजवीकडे पिळले आणि सगळ्यात जाड तार छेडली, तेव्हा पहिले अण्णाच आठवले. जगभरचे मेटलवाले या आवाजाला 'चेनसॉ' म्हणतात. माझ्या मते हा चेनसॉ नव्हे, वखारीतला बँडसॉच, गाठीसकट. पण स्वीडनमध्ये आमची वखार कुणी ऐकलेली नाही, तेव्हा चालायचंच.

ज्यांना हा डबा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळा डबा, नारिंगी अक्षरं, पेडलचं नाव सरळ 'हेवी मेटल'. मूळ एचएम-२ आला १९८३ साली. आधी जपानमध्ये बनायचा, मग तैवानमध्ये, आणि १९९१ मध्ये बंद झाला. मोठमोठ्या अँपच्या भिंतीतून येणारा त्या काळचा हेवी मेटलचा आवाज तळहाताएवढ्या डब्यातून काढायचा, असा मूळ बेत. तो बेत काही फार जमला असं मला वाटत नाही. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने ऐंशीच्या दशकात हा पेडल वापरला होता, यावरून नावाचा आणि कामाचा संबंध किती ते बघा.

त्याचं खरं काम सापडलं स्टॉकहोममधल्या पोरांना, तेही कंपनीच्या कल्पनेबाहेरचं. निहिलिस्ट नावाच्या डेथ मेटल बँडमधल्या लीफ कुझनरला याचं श्रेय देतात. तारा खूप खाली उतरवायच्या आणि डब्यावर जे जे फिरतं ते शेवटपर्यंत फिरवायचं. निहिलिस्ट मोडून त्यातूनच एन्टूम्ड उभा राहिला. टॉमस स्कोग्सबर्गच्या सनलाइट स्टुडिओत त्यांनी रेकॉर्ड केलेला 'लेफ्ट हँड पाथ' हा अल्बम १९९० साली आला, आणि पुढच्या वर्षी डिसमेंबर या दुसऱ्या स्वीडिश बँडचा 'लाइक अॅन एव्हर फ्लोइंग स्ट्रीम'. म्हणजे मालाला खरं गिऱ्हाईक मिळालं आणि नेमकं तेव्हाच दुकानाचं शटर खाली. त्याच १९९१ मध्ये कंपनीने मेटल झोन नावाचा दुसरा पेडल काढला. तो आमच्या वेळी इंजिनिअरिंगच्या प्रत्येक दुसऱ्या बँडकडे असायचा. माझ्याकडेही होता, आणि त्यातून मी मधमाश्यांचं पोळं सोडून दुसरा कुठलाही आवाज काढू शकलो नाही. जुन्या एचएम-२चे भाव मात्र चढत राहिले आणि शेवटी २०२१ मध्ये कंपनीने वाझा क्राफ्ट मालिकेत तो पुन्हा आणला. तोच हा एचएम-२डब्ल्यू, परीक्षण आहे ते याचं.

मी सेकंडहँड घेतला, कोथरूडच्या एका मुलाकडून, साडेतेरा हजारांना. त्याला बाळ झालं होतं आणि घरी शांतता हवी होती. त्याआधी दुसऱ्याच एका कंपनीची प्लास्टिकची नक्कल वापरून पाहिली होती. आवाज ऐंशी टक्के तोच, पण तिसऱ्याच प्रॅक्टिसला पायाखालचं बटण आत गेलं ते वर आलंच नाही. या बॉसचा डबा धातूचा आहे. आमच्या ड्रमरने त्यावर चहाचा ग्लास ठेवला, सांडलासुद्धा, काही झालं नाही.

आता नॉब. लेव्हल (आवाज किती मोठा) आणि डिस्ट (किती करकरीत) नेहमीचेच. खरी जादू 'कलर मिक्स'च्या लो आणि हाय या दोघांत आहे. नावावरून वाटतं की एक खर्ज वाढवतो आणि दुसरा तार सप्तकातली धार. पण हाय वाढवला की फुगतो तो हजार हर्ट्झच्या आसपासचा पट्टा, म्हणजे माणूस ओरडतो तेव्हा कानाला टोचतो तोच भाग. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच मेटलवाल्यांनी हा मधला भाग कापून टाकला होता. इथे तोच अंगावर येतो. म्हणून हा पेडल घरात एकट्याने वाजवताना भयाण वाटतो आणि बँडमध्ये बसल्यावर एकदम जागेवर येतो. खोलीत एकटे बसून ऐकून मत बनवू नका. मी पहिल्या रात्री परत विकायला काढणार होतो.

आमचा ड्रमर हा वर्गीकरणाच्या बाबतीत तलाठ्यासारखा माणूस आहे, प्रत्येक बँडचा सातबारा त्याला पाठ. गाडीत बसलो की दहा सेकंद काहीतरी लावतो आणि विचारतो, "टँपा की स्टॉकहोम?" म्हणजे फ्लोरिडाचा डेथ मेटल की स्वीडनचा. बाहेरच्याला दोन्हीकडे एकच राक्षस गुरगुरताना ऐकू येतो. पण टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतून स्कॉट बर्न्सच्या हाताखालून निघालेल्या रेकॉर्ड ऐका. तिथे गिटारचा प्रत्येक फटका सुटा, बेस ड्रमची टकटक मोजता येईल अशी, सगळं बारीक चिरलेल्या कोशिंबिरीसारखं. स्टॉकहोमला सगळं एकत्र वाटलेलं, पाट्यावरच्या वाटणासारखं, आणि खाली ठेका पंकचा. गायकाचा गळा ऐकून ओळखायला गेलात तर हमखास फसता. गिटारचं पोत आणि ड्रमरचा उजवा हात, या दोन गोष्टी ऐकायच्या.

हा पेडल आल्यावर मी म्हटलं, झालं, आता आपण स्टॉकहोम. तो म्हणाला, "अरे डबा घेतला म्हणजे पत्ता बदलतो का?" आणि जॅमरूममध्ये त्याने ते दाखवूनच दिलं. मी एकच रिफ वाजवत राहिलो, चार सूर, तेच ते. त्याने आधी डी-बीट हा पंकचा ठेका धरला. डिस्चार्ज या ब्रिटिश पंक बँडच्या नावातला हा 'डी', आणि स्वीडनमध्ये अँटी सिमेक्स, मॉब ४७ वगैरेंनी तो ठेका मुरवलेला. तो धरला की थेट १९९०, खोलीत थंडी पडल्यासारखी. मग त्याने ब्लास्ट बीट, म्हणजे मशीनगनसारखा सुसाट ठेका, सुरू केला. रिफ तोच, पेडल तोच, पण आता ते ना स्वीडिश राहिलं ना ब्रुटल. मुंबईच्या गटस्लिटसारख्या ब्रुटल डेथवाल्यांकडे असतो तो खाली दाबलेला, आटोपशीर गिटारचा आवाज याच्याजवळ नाही. माझी करवत त्याच्या ब्लास्टवर नुसती सांडत होती. शेवटी तो म्हणाला, पेडल बंद कर, आणि परत डी-बीट. तर उरला निव्वळ पंक, जरा मंद आणि जरा रागीट. अर्धं नाव माझ्या पायाखाली आणि अर्धं त्याच्या काठीत, हे मान्य करावं लागलं. त्या दिवशीचं जॅमरूमचं भाडं मीच दिलं.

मेटलचे बाकीचे प्रकार मी नंतर घरी हेडफोनवर वाजवून पाहिले. थ्रॅशला हा पेडल घेऊ नका. थ्रॅशचा जीव पाम म्यूटमध्ये. तळहाताची कड तारांवर दाबून वाजवलेला प्रत्येक ठोका तिथे खिळा ठोकल्यासारखा यायला हवा. इथे खिळा ठोकला की आजूबाजूचा भुसाही उडतो. ब्लॅक मेटलसाठी लो पार शून्यावर, हाय पूर्ण, डिस्ट निम्म्यावर, आणि वरच्या तारांवर ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर भराभर छेडत राहायचा. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलच्या जवळपास पोचतो, पण नॉर्वेवाल्यांचा आवाज पातळ आणि गार असतो, हा जरा अंगात मांस धरून आहे. सगळ्यात सुखद धक्का डूमचा. डिस्ट पावपर्यंत, लो वाढवून, अगदी सावकाश वाजवलं तर एकेक सूर मागे धूळ सोडत जातो. याबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

एक प्रकार राहिला, ज्यावरून आमच्यात अजून अबोला होतो. अमेरिकेतल्या हार्डकोर पंकवाल्या बँडनी हाच आवाज उचलला आणि मेटलवाल्यांनी त्याला अर्धं कौतुकाने, अर्धं टोमण्याने 'एन्टूम्डकोर' असं नाव पाडलं. ड्रमरचं म्हणणं, आवाज स्वीडनचा असला तरी मध्येच ठेका तोडून पब्लिकला नाचायला जागा करून दिली की गाणं हार्डकोरचं झालं, डेथ मेटलच्या खात्यात धरायचं नाही. मला यातला फरक ऐकू येतो, पण दार लावून घेण्याइतका तो मोठा वाटत नाही.

तक्रारी आहेत. नॉब इतके लहान की अंधाऱ्या जॅमरूममध्ये बोटांना कळत नाही कुठला धरलाय. सगळं उजवीकडे असताना लेव्हलही उजवीकडेच ठेवाल तर अँपसमोर उभं राहवत नाही. नियम मोडा, लेव्हल आधी निम्म्यावर ठेवा. वाजवायचं थांबलात की सुसाट खरखर येते. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगचा आनंदच आहे, त्यामुळे माझ्याकडे त्यात गुणगुणही मिसळते. ही खरखर दाबणारा नॉइज गेट वेगळा लागणार, हे धरूनच बजेट करा. एस आणि सी असं छोटं स्विच आहे. एस म्हणजे जुना आवाज, सी म्हणजे कस्टम, जरा भरदार आणि सुटसुटीत. कस्टम खरं तर जास्त उपयोगी आहे. तरी मी एसवरच वाजवतो, कारण तो चिरकतो.

एकच पेडल घेण्याइतके पैसे असतील आणि चार प्रकारचं वाजवायचं असेल तर हा घेऊ नका. तुमच्याकडे डी-बीट वाजवणारा ड्रमर असेल तर घ्या. नवा परवडत नसेल तर सेकंडहँड शोधा, लोक वर्षभरात विकतातच.

नऊ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो, पण वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवा. पाय देऊन बंद केला तरी केबल आत असली की तो आतून चालूच असतो. माझ्या दोन बॅटऱ्या तशाच गेल्या, दोन्ही वेळा शनिवारी रात्री, कोपऱ्यावरचं दुकान बंद झाल्यावर कळलं.