1967 ची पॉन्टिॲक जीटीओ : सात महिने, साडेतीन हजार मैल

ॲप्रिलच्या शेवटी ही गाडी घरी आली आणि गेल्या शनिवारी मी तिच्यावर कापड टाकलं. इथे मिशिगनमध्ये हिवाळा लागला की रस्त्यावर मीठ टाकतात. इतक्या जुन्या पत्र्याला मीठ लागू द्यायचं नाही, म्हणून आता वसंतापर्यंत ती गॅरेजमध्येच राहणार. मधल्या काळात साडेतीन हजार मैल झाले. घेण्याआधी मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते इथे लिहून ठेवतो.

गाडी लिंडन ग्रीन रंगाची, दोन दारांची हार्डटॉप आहे, म्हणजे खिडक्यांच्या मधे खांब नसलेली. 400 घनइंची व्ही-8 इंजिन, 335 अश्वशक्ती, ऑटोमॅटिक. आमच्या पुण्याच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती, 1089 सीसीची. हिचं इंजिन साडेसहा लिटरचं, म्हणजे तशा सहा फियाट एका बोनेटखाली.

मसल कारची, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठं ताकदवान इंजिन बसवण्याची, गोष्ट बहुतेक जण जीटीओपासूनच सुरू करतात. पॉन्टिॲक ज्या कंपनीचा भाग होती, त्या जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲकचा मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि त्याच्या माणसांनी 1964 मध्ये मोठ्या पॉन्टिॲकचं 389 घनइंची इंजिन टेम्पेस्ट ल मान्स या मध्यम गाडीत बसवलं आणि ते नवं मॉडेल म्हणून न दाखवता जादा पैसे भरून मिळणारा पर्याय म्हणून विकायला काढलं. नियम मॉडेलला होता, पर्यायाला नव्हता. विक्री विभाग जेमतेम 5,000 गाड्यांना तयार झाला होता. त्या वर्षी 32,450 खपल्या.

त्या पळवाटेची किंमत आजचा खरेदीदार मोजतो. 1964 आणि 1965 मध्ये जीटीओ हा नुसता पर्याय असल्यामुळे चासी नंबर ल मान्सचाच असतो. बिल्ले लावले, बोनेट बदललं, की साधी ल मान्स जीटीओ म्हणून उभी राहते. 1966 पासून ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि नंबर 242 ने सुरू होऊ लागला. माझ्या गाडीचा 242177P ने सुरू होतो. 242 म्हणजे जीटीओ, 17 म्हणजे हार्डटॉप, पुढचा 7 हे साल आणि P म्हणजे पॉन्टिॲक गावातला कारखाना, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. तरीही पैसे देण्याआधी पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मागवा. ती हातात आली तेव्हा मी एकेक ओळ गाडीशी ताडून पाहिली. बोनेटवरचा टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) बिलात होता आणि गाडीवरही होता. तो क्षण मला गाडी घेतल्याच्या दिवसापेक्षा मोठा वाटला.

दुर्मिळ या शब्दाने मी दोन वर्षं भुललो होतो. 1967 मध्ये एकूण 81,722 जीटीओ बनल्या. त्यातल्या 64,177 माझ्यासारख्या 335 अश्वशक्तीच्या, 13,827 एचओ म्हणजे हाय आउटपुट, 360 अश्वशक्तीच्या, आणि बोनेटमधून बाहेरची थंड हवा थेट इंजिनला देणाऱ्या रॅम एअर फक्त 751. साहजिकच सगळे रॅम एअरच्या मागे. पण त्याच यादीत कमी पेट्रोल पिणाऱ्या, दोन बॅरलच्या कार्बोरेटरच्या 2,967 गाड्या आहेत. संख्येने त्या एचओपेक्षा कितीतरी दुर्मिळ, आणि त्यांच्यासाठी जादा पैसे मोजायला कुणी तयार नसतं. गाडी कमी बनली म्हणून नव्हे, ती तेव्हा कुणाला तरी हवीहवीशी वाटली आणि मिळाली नाही, म्हणून तिला भाव येतो. हे कळलं तेव्हा मी रॅम एअरचा नाद सोडला. माझी सर्वांत जास्त बनलेल्या प्रकारातली आहे, म्हणून तर मी ती दूध आणायलाही नेतो. रॅम एअर असती तर प्रत्येक खड्ड्याला जीव वरखाली झाला असता.

1967 च का, तर त्या वर्षी पुढच्या-मागच्या ब्रेकचे सर्किट वेगळे झाले (एक गेलं तरी दुसरं चालतं), धक्क्यात दबणारा स्टीअरिंग कॉलम आला आणि जुन्या दोन स्पीडच्या गिअरबॉक्सऐवजी तीन स्पीडची टर्बो हायड्रामॅटिक 400 मिळाली. कन्सोलवर हर्स्टचा ड्युअल गेट आहे: डावीकडे नेहमीचं ऑटोमॅटिक, उजवीकडच्या खाचेत घातलं की गिअर आपल्या हाताने टाकायचे. दुसऱ्यातून तिसऱ्यात ढकलताना तळहाताला जो ठोका बसतो, तो मला आजच्या कुठल्याही गाडीत मिळालेला नाही.

त्रासही झाला. जूनपासून सकाळी गाडी सुरू व्हायला पंधरा-वीस सेकंद स्टार्टर मारावा लागे. एका गॅरेजने फ्युएल पंप बदलला, मग कॉइल बदलली, दोन्हीचं बिल लावलं, आणि गाडी होती तशीच. जुलैत बाबा आले होते. पद्मिनीचा कार्बोरेटर ते रविवारी स्वतः उघडायचे. तीन दिवस ते सकाळी चहाचा कप घेऊन गाडीजवळ उभे राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "अरे, पंपाचं काही नाही. रात्रीतून फ्लोट चेंबर रिकामं होतंय. खाली वास बघ." बोनेट उघडून वाकलो, तर मॅनिफोल्डजवळ पेट्रोलचा ओलसर वास. या गाडीच्या क्वाड्राजेट कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या फ्लोट चेंबरच्या तळाला विहिरींसारखी भोकं असतात, ती बुचांनी बंद केलेली असतात, आणि ती बुचं झिरपणं हे त्याचं जुनं दुखणं. बाबांनी आणि मी कार्बोरेटर काढून बुचांवर इपॉक्सी लावलं. तेव्हापासून ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, की चोक बसतो आणि किल्ली फिरवताच इंजिन धरतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला बाबांना घेऊन गेलो. हा रस्ता डेट्रॉइटहून पॉन्टिॲकला जातो, म्हणजे गाडी आपल्या माहेराकडेच निघाली होती. गर्दीत तासभर पायी चालण्याच्या वेगाने गेलो आणि तापमानाचा काटा चढायला लागला. एसी नाही, इंजिनची उष्णता आत ओढून घ्यायला हीटर पूर्ण लावून काचा खाली केल्या, तेव्हा काटा उतरला. बाबा घामाघूम झाले होते, पण बाहेर उतरायला तयार नव्हते. रेडिएटर नंतर बदलला.

बाकी हिशेब थोडक्यात. ॲव्हरेज लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास. कॉम्प्रेशन 10.75 असल्याने सगळ्यांत महागडं पेट्रोलच लागतं, साध्या पेट्रोलवर चढावर इंजिन खडखडतं. ऑइल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं घ्या, नाहीतर कॅम झिजतो. बोनेटवरचा टॅकोमीटर दिसायला देखणा, पण पावसाळी सकाळी आतून धुकं धरतो.

खरी काळजी ब्रेकची. चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम आहेत. उतारावर लागोपाठ तीनदा जोरात दाबले की ते तापतात आणि चौथ्यांदा पेडल पायाखाली कडक राहतं आणि गाडी मात्र थांबत नाही. पुढे डिस्क त्या वर्षी पर्याय म्हणून मिळत होत्या, माझ्या पहिल्या मालकाने घेतल्या नाहीत. या हिवाळ्यात त्या बसवतोय. मूळ ड्रम तेल लावून, कापडात गुंडाळून, बिलाच्या प्रतीसोबत पेटीत ठेवणार आहे.