पावणेतीन वर्षांच्या लेकीसाठी वापरलेली तीन ॲप

रात्री दात घासण्याची वेळ झाली की आमची पावणेतीन वर्षांची लेक पलंगाखाली जाऊन बसायची आणि तिला बाहेर काढताना घरातल्या सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला यायचा. ‘ब्रश डीजे’ हे ॲप आम्ही घेतले ते या अडचणीपायी. इंग्लंडमधील एका दंतवैद्याने बनवलेले हे मोफत ॲप फोनमधल्या गाण्यांपैकी एखादे दोन मिनिटे वाजवते आणि थांबते. त्यात पाहण्यासारखे फारसे काही नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. फोन बेसिनवरच्या फळीवर पालथा ठेवता येतो आणि माझे दोन्ही हात मोकळे राहतात. या वयात ते लागतातच, कारण मूल साधारण सहा-सात वर्षांचे होईपर्यंत त्याचे दात मोठ्यांनीच घासून द्यावेत, निदान समोर उभे राहून घासून घ्यावेत, असे दंतवैद्य सांगतात. (तीन वर्षांखालील मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच पुरते.) आता गाणे सुरू झाले की लेक आपणहून ‘आ’ करते आणि ते थांबले की थुंकायला वाकते. कधी थांबायचे हे आई ठरवत नाही, गाणे ठरवते, हे तिने मान्य केल्यापासून पलंगाखालचा मुक्काम बंद झाला आहे.

दुसरे ॲप म्हणजे अमेरिकेतील सेसमी वर्कशॉपचे ‘ब्रीद, थिंक, डू’. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठीच्या या ॲपमध्ये एक निळा, केसाळ राक्षस कधी बूट घालताना वैतागतो, कधी घसरगुंडीच्या रांगेत थांबून कंटाळतो, कधी रात्री अंधाराला घाबरतो. मुलाने त्याच्या पोटावर बोट टेकवले की तो सावकाश श्वास घेतो. मग काय करता येईल याचे उपाय सुचतात आणि त्यांतला एक मुलाने निवडायचा असतो. ॲप इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, मराठीत नाही. त्यामुळे मी आवाज बंद करून राक्षसाचे बोलणे मराठीत सांगत राहिले, आणि तसे करताना शेजारी बसणे आपोआपच घडले. तिसऱ्या आठवड्यात सँडलचा पट्टा बक्कलमध्ये जाईना तेव्हा लेकीने तो नेहमीप्रमाणे भिरकावला नाही. फ्रॉक वर करून स्वतःच्या पोटावर तळहात ठेवला, गाल फुगवून तीनदा ‘फू’ केले आणि पाय माझ्यापुढे धरला. त्या वेळी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

जेवणासाठी घेतलेल्या तिसऱ्या ॲपचे नाव मी लिहीत नाही. त्यात प्रत्येक घासाला एक चांदणी मिळायची आणि मधूनच जाहिराती यायच्या. चौथ्याच दिवशी लेकीने वरणभाताचे ताट दूर सारून आधी फोन मागितला, त्या रात्री मी ते काढून टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या मुलाला दिवसात बैठा स्क्रीनवेळ एका तासापेक्षा जास्त नसावा, आणि कमी असेल तितके बरे; शिवाय एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. भाजी खाण्याची सवय लावणारे ॲपच जर त्या तासातला अर्धा वेळ ताटासमोर खाऊन टाकत असेल, तर ते घरात ठेवण्याचे मला काहीही कारण दिसत नाही.

पहिली दोन ॲप मी मनापासून सुचवेन, पण फोन आईबाबांच्याच हातात राहणार असेल तरच. नोकरीवरून दमून आल्यावर मुलाला दहा मिनिटे गुंतवून ठेवण्यासाठी काही हवे असेल, तर त्यासाठी ही नाहीत. आमच्याकडे गेल्या पंधरवड्यापासून दात घासताना आजीच गाणे म्हणतात. ‘ब्रश डीजे’ मात्र फोनवर ठेवले आहे, कारण दर तीन महिन्यांनी ब्रश बदलण्याची आठवण ते करून देते आणि ती आम्हा मोठ्यांनाही हवीच असते.